प्रकाशाचे माहेरघर : दीडशे वर्षांची वाटचाल

कोलकात्याची ‘इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स’ ही संस्था एका डॉक्टरने उभी केली. भारतीयांनी स्वतः संशोधन करावे आणि त्यासाठीची संस्था भारतीयांच्याच पैशावर चालावी, ही कल्पना डॉ. महेंद्रलाल सरकार यांनी १८६९ मध्ये लेखातून मांडली. वर्गण्या जमवून १८७६ मध्ये बोबाजार स्ट्रीटवर संस्था सुरू झाली. सेंट झेवियर्स कॉलेजचे फादर लाफाँ प्रारंभापासून पाठीशी राहिले; विजयनगरमच्या महाराजांच्या देणगीतून प्रयोगशाळा उभी राहिली.

पूर्णवेळ संशोधक नेमण्याइतका निधी मात्र जमला नाही. व्याख्याने होत, संशोधन रखडे. ही खंत मनात घेऊनच १९०४ मध्ये डॉ. सरकार यांनी जगाचा निरोप घेतला. चिरंजीव अमृतलाल यांनी चिटणीस म्हणून संस्था तगवली.

१९०७ मध्ये सरकारी अर्थखात्यातील नोकरीनिमित्त चंद्रशेखर वेंकट रामन कोलकात्यात आले. कचेरीआधी पहाटे आणि कचेरीनंतर रात्री ते संस्थेत प्रयोग करीत. सहायक आशुतोष डे त्यांच्या सोबतीला असत. १९२१ च्या सागरप्रवासात भूमध्य समुद्राच्या निळाईने त्यांना प्रकाशाच्या विखुरण्याकडे वळवले. के. आर. रामनाथन, के. एस. कृष्णन आदी सहकाऱ्यांच्या वर्षानुवर्षांच्या निरीक्षणांची परिणती २८ फेब्रुवारी १९२८ रोजी ‘रामन परिणामा’त झाली. १९३० चे नोबेल पारितोषिक त्याच शोधाला मिळाले.

१९३३ मध्ये रामन बंगळुरूला गेले. संस्थेने ही पोकळीही पचवली. कृष्णन यांनी संशोधन पुढे नेले. स्वातंत्र्यानंतर मेघनाद साहा यांच्या नेतृत्वाखाली संस्था जादवपूरच्या प्रशस्त आवारात विस्तारली.

रामन यांच्या शोधाची वाटचाल संस्थेच्या भिंतींपलीकडेही सुरू होती. प्रत्येक रेणू विखुरलेल्या प्रकाशाचा रंग आपल्या खास पद्धतीने किंचित बदलतो, जणू अंगठ्याचा ठसाच उमटवतो. पण हा संकेत अतिशय क्षीण. सुमारे एक कोटी प्रकाशकणांत एखादाच असा बदललेला सापडतो. १९७४ मध्ये इंग्लंडमधील साउदॅम्प्टन येथे फ्लाइशमन, हेंड्रा आणि मॅकक्विलन यांना चांदीच्या खडबडीत पृष्ठभागावर तो विलक्षण ठळक दिसला. पृष्ठभागच संकेत वाढवतो, हे १९७७ मध्ये अमेरिकेत व्हॅन डाइन आणि जीनमेअर यांनी दाखवले. सोन्याचांदीच्या नॅनोकणांवर प्रकाश पडताच त्यांतील इलेक्ट्रॉन एकदिलाने डोलतात आणि लगतच्या रेणूचा संकेत लाखो पटींनी बळावतो.

जीवाणूंचा जलद शोध घेणाऱ्या नॅनोसंवेदकांची एक मोठी शाखा याच पायावर उभी आहे. जीवाणू ओळखण्यासाठी एरवी नमुना बशीत वाढवून एक-दोन दिवस थांबावे लागते. नॅनोकणांवर प्रतिपिंडे बसवली, तर ती नेमका जीवाणू पकडतात आणि प्रकाश त्याचा ठसा वाचतो. २०१९ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी रामन वर्णपट आणि यंत्रशिक्षण (मशीन लर्निंग) यांच्या साह्याने ३० रोगकारक सूक्ष्मजीव ओळखून दाखवले. रक्तातील इतर घटकांची गर्दी आणि नॅनोकणांचा एकसारखेपणा राखणे, या अडचणींवर काम चालू आहे.

१९९८ मध्ये अमेरिकन केमिकल सोसायटीने रामन परिणामाला आंतरराष्ट्रीय ऐतिहासिक मानचिन्ह देऊन संस्थेचा गौरव केला. २०१८ मध्ये तिला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. २०२६ मध्ये दीडशे वर्षे पूर्ण करणाऱ्या या संस्थेतला शोध आज रुग्णाच्या नमुन्यातला जीवाणू हुडकू लागला आहे. संस्थापक डॉक्टरांच्या ओसरीपर्यंत प्रकाश परत आला, तो असा.