मेलिफाँटचा मठ व त्याचे अवशेष

ज्युबिलीच्या वर्षीं आपल्या देवालयाच्या पहिल्या दगडाची आठवण काढावी, ही चाल चांगलीच आहे. या पुस्तिकेच्या इतर पानांत ती आठवण येईलच. आम्ही मात्र वाचकांस थोडा वेळ दूर, दगड ढांसळून पडलेल्या एका जागीं नेऊं इच्छितों. पडलेल्या देवालयापासूनहि उभ्या देवालयास शिकण्यासारखें पुष्कळ असतें.

आयर्लंडांतील लाउथ परगण्यांत, ड्रॉहेडा शहरापासून कांहीं मैलांवर, मॅटक नांवाच्या लहानशा नदीच्या कांठीं मेलिफाँट मठाचे अवशेष आहेत. ‘मधाचा झरा’ असा त्या लॅटिन नांवाचा अर्थ. सिस्टर्शियन संघाचा आयर्लंडांतील हा पहिला मठ होय.

त्याच्या स्थापनेची हकीकत अशी. आर्माचे माजी आर्चबिशप संत मॅलकी हे ११३९ सालीं रोमच्या यात्रेस निघाले. वाटेंत ते फ्रान्समधील क्लेर्व्हो येथील मठांत उतरले. संत बर्नार्ड तेथील मठाधिपति होते. प्रार्थना, मौन आणि स्वतःच्या हातांनीं केलेलें कष्टाचें काम अशी तेथील बंधूंची रहाणी पाहून मॅलकींचें मन इतकें वेधलें कीं, आपणहि येथेंच राहावें असें त्यांस वाटूं लागलें. परंतु पोप दुसरे इनोसंट यांनीं त्यास संमति दिली नाहीं. लोकांना मेंढपाळाची गरज होती. तेव्हां परततांना संतांनीं आपले चार सोबती शिकण्यासाठीं क्लेर्व्होस ठेवले. त्यांपैकीं क्रिश्चन हे पुढें मेलिफाँटचे पहिले मठाधिपति झाले. डोनो ओकॅरल राजानें जमीन दिली, आणि ११४२ सालीं आयरिश व फ्रेंच बंधूंनीं मिळून मठाचा पाया घातला.

आयर्लंडांत मठ नवे नव्हते. संत पॅट्रिकच्या पश्चात् तेथें शेंकडों मठ झाले होते. परंतु त्यांत लहान लहान देवळें व विखुरलेल्या कुट्या असत. सर्व इमारतींची एकत्र ठरीव आंखणी नसे. मेलिफाँटच्या कामावर देखरेख करण्यास संत बर्नार्डनीं क्लेर्व्होहून रॉबर्ट नांवाचे बंधु पाठविले, आणि आयरिश भूमीवर प्रथमच युरोपखंडांतील पद्धतीचा मठ उभा राहिला. उत्तरेस मोठें देवालय, त्याच्या दक्षिणेस चौकोनी अंगण व त्याभोंवतीं छपराच्या पडव्या, पूर्वेस सभागृह, दक्षिणेस भोजनगृह. प्रार्थनेहून कामास, कामाहून जेवणास व जेवणाहून पुन्हां प्रार्थनेस जाणाऱ्या बंधूचीं पावलें या पडव्यांतूनच चालत. मठाचा नियमच जणूं दगडांत बांधून ठेवला होता. १९५३ ते १९५५ या काळांत उत्खनन झालें, तेव्हां मूळ देवालयाच्या दोन्ही बाहूंत तीन तीन लहान वेदीगृहांचे पाये सांपडले. मधलें चौकोनी व कडेचीं दोन अर्धवर्तुळाकार.

या मठाचा मान लवकरच वाढला. ११५२ सालीं केल्स व मेलिफाँट येथें भरलेल्या धर्मपरिषदेंत पोपमहाराजांचे प्रतिनिधि कार्डिनल पापारो यांनीं आर्मा, कॅशेल, डब्लिन व टुआम अशा चार आर्चबिशपांच्या प्रांतांची व्यवस्था लावली. ११५७ सालीं देवालयाचा अभिषेक झाला. त्या वेळीं डर्व्होर्गिला नांवाच्या राजस्त्रीनें साठ औंस सोनें, पवित्र मरियेच्या वेदीसाठीं सोन्याचा चषक आणि इतर नऊ वेद्यांसाठीं वस्त्रें अर्पण केलीं. या बाईनें आयुष्याची अखेरचीं वर्षें मठाच्या आश्रयास काढलीं व ११९३ सालीं तेथेंच देह ठेवला. मेलिफाँटहून बंधूंच्या तुकड्या निघून बेक्टिव्ह, बॉल्टिंग्लास, बॉइल इत्यादि ठिकाणीं नवे मठ झाले.

येथवरची कथा आनंदाची. आतां जें सांगावयाचें तें दुःखाचें आहे. पण इतिहास सांगणाऱ्यानें तें झांकूं नये.

फ्रेंच व आयरिश बंधूंचें फारसें पटलें नाहीं. आरंभींच्या कांहीं वर्षांतच फ्रेंच बंधु क्लेर्व्होस परत गेले. ११६९ नंतर इंग्लंडांतून आलेल्या नॉर्मन सरदारांनीं देशाचा मोठा भाग व्यापला, आणि त्यांनींहि आपले वेगळे मठ स्थापिले. आयरिश मठ व परके मठ असे दोन तट पडले. १२१६ सालीं संघाच्या महासभेनें पाठविलेल्या तपासनिसांना मेलिफाँटचे दरवाजे बंद झाले. या बंडाळीस ‘मेलिफाँटचा कट’ असें नांव पडलें. ती दहा वर्षांहून अधिक चालली व इतर मठांतहि पसरली. शिस्त सुटली, उपासनेची हेळसांड झाली, कोठें कोठें हाणामारीहि झाली.

१२२८ सालीं स्टीफन ऑफ लेक्सिंग्टन हे इंग्रज मठाधिपति चौकशीस आले. त्यांनीं पुष्कळ सुधारणा केल्या. त्यांसंबंधीं त्यांचे ऋणच मानावें लागेल. परंतु त्यांनीं एक अट अशी घातली कीं, ज्यास फ्रेंच किंवा लॅटिन भाषेंत पापनिवेदन करतां येत नाहीं अशा कोणासहि बंधु म्हणून घेऊं नये. तपासनिसाला बंधूंचें बोलणें समजलें पाहिजे, हा त्यांचा हेतु. पण ज्या मुलानें आपल्या आईच्या मांडीवर आयरिश भाषेंत ‘हे आमच्या बापा’ म्हणावयास शिकलें, त्यास काय वाटलें असेल? आम्हीं स्वतः धर्मशास्त्र परभाषेंत शिकलों, आणि त्याबद्दल आम्हांस खेद नाहीं. तरी मरणाच्या बिछान्याशीं बसलों असतां, माणूस आपलें अंतःकरण कोणत्या भाषेंत उघडतो, हें आम्हीं अनेकदां पाहिलें आहे. दोष एका बाजूचा नव्हता. एका पक्षानें नियमाचा त्याग केला. दुसऱ्यानें नियमाबरोबर आपली भाषाहि लादली. मेलिफाँटकडून काढून घेतलेले मठ १२७४ सालीं त्यास परत मिळाले. पण पहिली एकी परत आली नाहीं.

पुढें १५३९ सालीं आठव्या हेन्री राजाच्या हुकुमानें मठ बंद करण्यांत आला. जागा मूर नांवाच्या घराण्याकडे गेली व तेथें गढी झाली. तेथेंच ३० मार्च १६०३ रोजीं आयरिश सरदार ह्यू ओनील यांनीं लॉर्ड माउंटजॉय यांजपुढें शरणागति पत्करली. ज्या राणी एलिझाबेथला ते शरण गेले ती सहा दिवसांपूर्वींच वारली होती. परंतु ही बातमी त्यांना कळूं दिली नव्हती. पुढें मूर घराणेंहि निघून गेलें व इमारती ओस पडल्या.

आज देवालयाचे बहुतेक पायेच दिसतात. सभागृहाचा कमानदार खालचा मजला शिल्लक आहे, वेशीच्या बुरुजाचा भाग उभा आहे. आणि सर्वांत सुंदर असें जें उरलें आहे, तें देवालय नव्हे कीं राजाची गढी नव्हे. तें आहे हात धुण्याचें घर! इ. स. १२०० च्या सुमारास बांधलेली ही अष्टकोनी, दुमजली इमारत भोजनगृहासमोर होती. मध्यें पाण्याचें कुंड असे. जेवणापूर्वीं बंधु तेथें हात धूत. आठांपैकीं चार बाजू, त्यांवरील गोल कमानींसह, अद्याप उभ्या आहेत. ज्यांचें एकमेकांशीं पटत नव्हतें, तेहि दररोज याच कुंडापाशीं येत असतील, हा विचार मनांतून जात नाहीं.

१९३८ सालीं माउंट मेलरी मठाचे सिस्टर्शियन बंधु जवळच्या कॉलन गांवीं आले, आणि मेलिफाँट हें नांव सुमारें चार शतकांनंतर पुन्हां एका मठास मिळालें. भिंती पडल्या तरी बीज मेलें नव्हतें.

प्रिय धर्मबंधुभगिनींनो, ज्युबिलीच्या निमित्तानें आपण देवालयास रंग देऊं, छप्पर शाकारूं. तें अवश्य करावें. पण मेलिफाँटला राजाची कुऱ्हाड लागण्यापूर्वीं तीनशें वर्षें आंतून तडा गेला होता, हेंहि ध्यानीं असूं द्यावें. ज्याच्याशीं आपला अबोला आहे, त्याच्या घरीं ज्युबिलीच्या दिवसापूर्वीं एकदां जाऊन यावें, एवढीच आमची विनंति. प्रभु आपल्या देवालयाचें व आपल्या एकीचें रक्षण करो.