चालू आज्ञावली थांबविण्याच्या पद्धती

संगणकाची आज्ञावली शेवटची ओळ पार पडली की आपोआप संपते. मात्र मध्येच चूक आढळल्यास ती वेळीच आणि नीट थांबवावी लागते. गिडो व्हान रॉसम यांनी १९९१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘पायथन’ या भाषेत त्याचे अनेक मार्ग आहेत; त्यांचे परिणाम मात्र सारखे नाहीत.

बडोद्याचे उदाहरण घेऊ. महाराजा सयाजीराव गायकवाड यांनी १९१० मध्ये अमेरिकी ग्रंथपाल विल्यम बॉर्डन यांना पाचारण करून संस्थानात सार्वजनिक ग्रंथालयांचे जाळे उभारण्यास प्रारंभ केला. अशा एखाद्या जुन्या संग्रहाची सूची पायथनच्या साहाय्याने नव्या फाइलमध्ये उतरविली जात असून, निम्म्यावर एक नोंद सदोष निघाली, अशी कल्पना करावी.

अशा वेळी ‘सिस’ या विभागातील ‘एक्झिट’ ही आज्ञा वापरणे प्रशस्त. ती संगणकाला तडकाफडकी बंद करीत नाही, तर ‘सिस्टिमएक्झिट’ हा अपवाद निर्माण करते. त्यामुळे ‘फायनली’ विभागातील आवराआवरीची कामे पूर्ण होतात. शून्य हा निर्गम-अंक यश दर्शवितो, अन्य अंक अपयश. कंसात संदेश लिहिल्यास तो पडद्यावर उमटतो व निर्गम-अंक १ होतो. नुसते ‘एक्झिट’ किंवा ‘क्विट’ हे शब्द प्रत्यक्ष संवादासाठी आहेत. कायमस्वरूपी आज्ञावलीत ते टाळावेत.

याउलट ‘ओएस’ विभागातील, अधोरेषेने सुरू होणारी ‘एक्झिट’ आज्ञा सारे तत्क्षणी तोडते. फाइलमध्ये उतरायच्या राहिलेल्या नोंदी त्यात नष्ट होऊ शकतात.

बाहेरून थांबविण्यासाठी कंट्रोल व सी ही बटणे एकत्र दाबतात. त्यातून ‘कीबोर्डइंटरप्ट’ हा अपवाद उद्भवतो आणि आवराआवरीस अवसर मिळतो. लिनक्स प्रणालीतील ‘किल’ आज्ञा सहसा १५ क्रमांकाचा संकेत पाठविते. त्याची दखल घेण्याची तजवीज आज्ञावलीत आधीच करता येते. ९ क्रमांकाचा संकेत मात्र अडविता येत नाही. म्हणून तो अखेरचा उपाय होय.

एक दक्षता आवश्यक. कोणताही अपवाद न सांगता लिहिलेले ‘एक्सेप्ट’ हे ‘सिस्टिमएक्झिट’लाही अडविते आणि आज्ञावली चालूच राहते. त्याऐवजी ‘एक्सेप्ट एक्सेप्शन’ लिहिल्यास हा दोष टळतो. तसेच नवी सूची आधी तात्पुरत्या फाइलमध्ये पूर्ण करून मगच तिला मूळ नाव द्यावे. मग आज्ञावली कशीही थांबली, तरी जुनी सूची अबाधित राहते.