पेझलीचा सहापदरी दोरा

नोव्हेंबर १८०६ मध्ये नेपोलियनने बर्लिनमधून फर्मान काढले आणि आपल्या ताब्यातल्या युरोपचा ब्रिटनशी असलेला व्यापार बंद केला. स्कॉटलंडमधल्या पेझली गावाला त्याची झळ बसली ती रेशमापायी. काश्मिरी शालींच्या धर्तीवर शाली विणणारे, कोयरीचे नक्षीकाम युरोपभर पोहोचवणारे हे विणकरांचे गाव. मागावरचे उभे धागे वरखाली करणारे फास तिथे रेशमी दोऱ्याचे असत. ते गुळगुळीत असावे लागत, नाहीतर नाजूक धागे घासून तुटत. रेशीम मिळेना, तेव्हा क्लार्क कुटुंबातल्या पॅट्रिकने लांब तंतूंच्या कापसाचे सूत घट्ट पिळून तितकाच गुळगुळीत दोरा तयार केला. जो दोरा मागावर दिवसभर घासून टिकतो, तो सुईत का टिकू नये? १८१२ मध्ये क्लार्क बंधूंनी सीडहिल इथे शिवणाच्या सुती दोऱ्याचा कारखाना काढला.

तोवर युरोपात शिवण म्हणजे जवसाच्या धाग्याची, म्हणजे लिननची, नाहीतर रेशमाची. पेझलीच्या परिसरात लिननचा दोरा आधीपासून होत होता आणि त्यामागे नाव येते क्रिश्चन शॉ या बाईचे. १६९७ मध्ये, ती लहान मुलगी असताना, तिने केलेल्या चेटकाच्या आरोपांवरून खटला उभा राहिला आणि सात जण दोषी ठरले. तीच मुलगी मोठेपणी ‘बारगॅरन’ नावाच्या दोऱ्याचा व्यवसाय उभा करणारी म्हणून नावाजली गेली. एकाच आयुष्यातल्या या दोन गोष्टी शेजारी ठेवून वाचताना अंगावर काटा येतो.

क्लार्कांचा दोरा आधी लडीने विकला जाई. लडी घरी न्यायची आणि तिचा गुंडा करायचा. पुढे जेम्स क्लार्कने दोरा लाकडी रिळावर गुंडाळून द्यायला सुरुवात केली. रिळाचा अर्धा पेनी वेगळा घेत, रिकामे रीळ परत आणले की तो परत मिळे. १८२६ मध्ये त्याच गावात जेम्स कोट्सने फर्गस्ली इथे गिरणी घातली आणि शेजारी-शेजारी दोन प्रतिस्पर्धी घराणी उभी राहिली.

मग यंत्र आले. १८४६ मध्ये इलायस हाउने अमेरिकेत शिवणयंत्राचे पेटंट घेतले, १८५१ मध्ये आयझॅक सिंगरने. इतिहास सांगताना हीच दोन नावे पुढे येतात, दोऱ्याचे नाव कोणी घेत नाही. खरे तर हा त्या दोऱ्यावर अन्याय आहे, कारण यंत्र बाजारात आले तेव्हा त्याला चालेल असा स्वस्त सुती दोराच नव्हता. तेव्हाचा दोरा तीनपदरी, खळ देऊन चकाकी आणलेला आणि कडक. हाताने शिवणारीला तो चाले. कुठे गाठ लागली, कुठे जाड-बारीक झाला, तर बोटांना आधी कळते आणि हात थांबतो. यंत्राची सुई थांबत नाही. शिवाय दोन दोऱ्यांच्या टाक्यात वरचा दोरा एकदाच सुईतून जात नाही. कपड्यात कायमचा बसण्यापूर्वी त्याचा तोच तुकडा सुईच्या नाकातून आणि कापडातून अनेकदा खालीवर होतो. कडक दोऱ्याचे तिथे धागे निघतात, पीळ उकलतो आणि दोरा तुटतो.

यावर तोडगा निघाला तो सहापदरी दोऱ्याचा. सूत दोन-दोन पदरांत पिळायचे आणि अशा तीन जोड्या पुन्हा एकत्र पिळायच्या. जाडी तीच, पण सहा पदरांत विभागलेली. एखाद्या पदरात सूत बारीक निघाले तरी बाकीचे पाच ते झाकून घेतात, त्यामुळे दोरा गोल, एकसारखा आणि मऊ होतो. पेझलीहून अमेरिकेत गेलेल्या जॉर्ज क्लार्कने १८६० च्या दशकात न्यू जर्सीतल्या न्यूअर्कमध्ये गिरणी उभी केली आणि खास यंत्रासाठीचा हा दोरा ‘ओ. एन. टी.’, म्हणजे ‘आमचा नवा दोरा’, या नावाने विकला. कोट्सही मागे राहिले नाहीत. १८६९ पासून ऱ्होड आयलंडमधल्या पॉटकेटला त्यांचा दोरा तयार होऊ लागला.

आज रिळावरच्या नंबरांचा जो गोंधळ उडतो, त्याचे एक मूळ इथे आहे. कापसाच्या सुताचा नंबर म्हणजे एका पौंडात ८४० यार्डांच्या किती लड्या बसतात तो आकडा. साठ नंबरच्या एका पौंडात ६० लड्या, म्हणजे ५०,४०० यार्ड सूत. नंबर जितका मोठा तितके सूत बारीक. तीनपदरी दोऱ्याला त्याच्या एका पदराचा नंबर दिला जाई. सहापदरी दोरा आला तेव्हा गिऱ्हाइकाला साठ नंबरची जाडी हाताला ठाऊक झाली होती, ती बदलून चालणार नव्हते. म्हणून सहापदरी साठ नंबरसाठी १२० नंबरचे सूत वापरले आणि रिळावर मात्र साठच छापले. इतके बारीक सूत निघायला कापसाचा तंतू लांब लागतो. त्यामुळे अमेरिकेतला सी आयलंड आणि इजिप्तचा कापूस पेझलीत मानाचा. आपल्याकडच्या आखूड तंतूच्या देशी कापसाला त्या कामात जागा नव्हती.

१८५६ पासून सिंगरचे यंत्र हप्त्याने मिळू लागले आणि अमेरिकेतल्या घराघरांत क्विल्टचे तुकडे यंत्रावर जोडले जाऊ लागले. इथे मराठी घरातली गोधडी आणि क्विल्ट यांच्यातला फरक लक्षात घ्यायला हवा. गोधडीत जुन्या लुगड्यांचे थर अंथरून त्यावर तुकडे ठेवतात आणि धावदोऱ्याने सगळे एकदम शिवतात. दोरा वर दिसतो, सगळे थर तोच धरून ठेवतो, म्हणून तो जाड आणि दणकट लागतो. क्विल्टचा वरचा पदर आधी स्वतंत्र तयार होतो. तुकड्याला तुकडा पाव इंच आत शिवून जोडायचा, शिवण एका बाजूला दाबायची आणि मग पुढचा तुकडा. या दोऱ्याने दिसायचेच नसते. तो जाड असला तर कापड शिवणीवरून वळताना त्याच्या जाडीवरून वळते आणि प्रत्येक जोडणीत थोडे कापड खर्ची पडते. एका ओळीत वीस तुकडे असले तर जोडण्या एकोणीस. प्रत्येकीत अर्धा मिलिमीटर गेला तरी ओळ जवळजवळ एक सेंटिमीटरने आखूड होते आणि शेजारच्या ओळीशी कोपरे जुळत नाहीत.

म्हणूनच आज यंत्रावर तुकडे जोडणाऱ्या अनेकजणी पन्नास नंबरचा दुपदरी सुती दोरा घेतात. रिळावर ५०/२ आणि ५०/३ असे दोन्ही आकडे दिसतात. नंबर एकच असला तरी तीनपदरी जाड असतो. पीळ पाहायचा तर वीतभर दोरा कापून टोक दोन बोटांत धरावे आणि उलट दिशेने फिरवावे, पदर सुटे होतात आणि मोजता येतात. पिळाची दिशाही यंत्राच्या टाक्याला मानवणारी असावी लागते. उलट पिळाचा दोरा शिवता शिवता उकलत जातो.

पेझलीत या दोऱ्यावर गाव उभे राहिले आणि त्यात राबल्या मुख्यतः बायका आणि मुली. फर्गस्लीच्या गिरणीसमोर १८८७ मध्ये बांधलेली शाळा ‘अर्धवेळ’ मुलांची होती: उरलेला वेळ ती गिरणीत काम करत. गावाचे वस्तुसंग्रहालय, वेधशाळा, नगरभवन या दिमाखदार इमारती कोट्स आणि क्लार्क घराण्यांच्या पैशातून झाल्या. त्या देणग्यांचे कौतुक जरूर करावे, पण त्या पैशात या मुलींचे अर्धे बालपणही होते, हे विसरून करू नये.

१८९६ मध्ये दोन्ही घराण्यांचे व्यवसाय एकत्र आले आणि जगभर दोरा विकणारी प्रचंड कंपनी तयार झाली. तोवर क्लाइड नदीपलीकडे, पेझलीपासून काही मैलांवर, क्लाइडबँकला सिंगरचा अवाढव्य कारखाना १८८५ पासून सुरू झाला होता. महाराष्ट्रातल्या कितीतरी शिंप्यांकडे आणि घरांत जपून ठेवलेली काळी, सोनेरी वेलबुट्टीची सिंगर यंत्रे तिथलीच. दोऱ्याचे भारतातले बस्तान मात्र दक्षिणेत बसले. स्कॉटिश हार्वी बंधूंनी मदुराईत १८९२ मध्ये मदुरा मिल्स काढली, आणि पुढे १९७० च्या दशकात मदुरा कोट्स ही कंपनी झाली.

पेझलीतली दोऱ्याची शेवटची गिरणी, अँकर मिल, १९९३ मध्ये बंद पडली. १८८६ ची तिची एक इमारत अजून उभी आहे आणि तिच्यात आता लोक राहतात. जुनी लाकडी रिळे बाजारात मिळतात, संग्राहक ती हौसेने घेतात. त्यांवरचा दोरा मात्र क्विल्टसाठी घेऊ नये. सुती दोरा वर्षानुवर्षे पडून राहिला की ठिसूळ होतो. दोन हातांत धरून हलका झटका दिला आणि तो तुटला, तर ते रीळ शोभेसाठी फळीवर ठेवावे आणि शिवायला नवे आणावे.