चिठ्ठी सीमेपाशी का थांबते?

मुलाकडे अमेरिकेत सहा महिने राहायला जाताना आपल्यापैकी बहुतेक जण सहा महिन्यांच्या गोळ्या बरोबर नेतात. आम्हीही नेल्या होत्या, पण ती बॅगच वाटेत हरवली. तिथल्या औषधाच्या दुकानात आम्ही पुण्याच्या डॉक्टरांची चिठ्ठी पुढे केली. पदवी, नोंदणी क्रमांक, सही, शिक्का, सगळं होतं. फार्मासिस्टने ती नम्रपणे परत केली. तीन दिवस रक्तदाबाच्या गोळीविना गेले. आम्हांला राग आला, खोटं कशाला बोला. त्या नकारामागचा इतिहास आम्ही नंतर वाचला.

गोष्ट १९३७ सालची. सल्फानिलामाइड हे तेव्हाचं नवं जंतुनाशक औषध. टेनेसीतल्या मॅसेंगिल कंपनीने ते पातळ स्वरूपात विकायला आणलं आणि विरघळवण्यासाठी डायइथिलीन ग्लायकॉल वापरलं. चवीला गोड, मूत्रपिंडाला घातक. विषारीपणाची तपासणी केलीच नव्हती, कारण कायदा ती मागतच नव्हता. शंभराहून जास्त माणसं दगावली, त्यांत लहान मुलं पुष्कळ. आणि आता गंमत पाहा, अर्थात गंमत म्हणायलाही जीभ अडखळते. सरकारने बाटल्या जप्त केल्या त्या विषारी म्हणून नव्हेत! बाटलीवर ‘इलिक्झिर’ लिहिलं होतं. इलिक्झिरमध्ये अल्कोहोल हवं, ते यात नव्हतं. गुन्हा चुकीच्या नावाचा. शब्द आणि अर्थ यांच्या संबंधावर आम्ही वर्गात वर्षानुवर्षं बोललो, पण हे उदाहरण तेव्हा ठाऊक नव्हतं.

१९३८ मध्ये विक्रीपूर्वी सुरक्षिततेचा पुरावा मागणारा कायदा आला. तरी कोणतं औषध चिठ्ठीवरच द्यायचं, हे बव्हंशी उत्पादकच ठरवत. १९५१ च्या दुरुस्तीने ती रेषा कायद्यात आली. दुरुस्ती मांडणारे डरहॅम आणि हम्फ्री, दोघेही मूळचे फार्मासिस्ट. चिठ्ठी कुणाची चालेल? ज्याला तिथल्या कायद्याने परवाना दिला आहे त्याची. म्हणजे आमच्या डॉक्टरांच्या ज्ञानावर कुणी शंका घेतली नव्हती. चिठ्ठीमागे उभं असतं ते राज्य, आणि आपलं राज्य तिथे नव्हतं. युरोपीय संघातल्या देशांनी मात्र एकमेकांच्या चिठ्ठ्या मान्य केल्या आहेत. २०११ चा तसा निर्देशच आहे.

आपल्याकडेही १९४० चा कायदा आहे, १९४५ चे नियम आहेत, त्यांत शेड्यूल एच आहे. पण गल्लीतला केमिस्ट रिकामी स्ट्रिप पाहून गोळ्या देतो आणि त्याला आपण आपुलकी म्हणतो. आम्हीही म्हणत होतो. १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ग्लिसरॉल दिलेले १४ रुग्ण दगावले. त्यात तेच डायइथिलीन ग्लायकॉल निघालं, एकोणपन्नास वर्षांनी. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने त्याची चौकशी केली. तिथे औषध डॉक्टरांनीच दिलं होतं. खोट चिठ्ठीत नव्हती, बाटलीत होती. म्हणजे चिठ्ठी ही साखळीतली एक कडी, साखळी नव्हे.

आमचं पुढे काय झालं? चौथ्या दिवशी तिथल्या दवाखान्यात गेलो. डॉक्टरीणबाईंना आपल्या ब्रँडचं नाव कळेना. नशीब, खाली मूळ औषधाचं नाव होतं, ॲम्लोडिपिन. ते वाचून त्यांनी रक्तदाब मोजला, दोन प्रश्न विचारले आणि नवी चिठ्ठी लिहिली. त्याच दुकानात, त्याच फार्मासिस्टने, पंधरा मिनिटांत गोळ्या हातात ठेवल्या.