वेताच्या पेटीतून निघालेली रमा

मागच्या महिन्यात गटाच्या बैठकीत हप्ते जमा करून झाले आणि विषय सहलीवर गेला. एक म्हणाली समुद्र बघू, दुसरी म्हणाली मरायच्या आधी एकदा बर्फ बघायचाय. कोपऱ्यातल्या मावशी म्हणाल्या, "आन् वाटंत वाघ दिसला मंजी?" सगळ्या हसल्या. मला मात्र एक घर आठवलं. जंगल, वाघ, हिमालय, सगळं त्यांच्या वाटेत आलं. पण ते पायी हिंडले, आणि हौसेनं नाही.

हे घर पंडिता रमाबाईंचं. वडील अनंतशास्त्री डोंगरे, संस्कृतचे मोठे विद्वान. चाळिशी ओलांडल्यावर, पहिली बायको वारल्यावर, गोदावरीच्या काठी यात्रेला आलेल्या एका कुटुंबातली नऊ वर्षांची मुलगी त्यांना दिली गेली. रात्री बोलणं, सकाळी लग्न! तीच रमाबाईंची आई, लक्ष्मीबाई. आपण हे ऐकून कानाला हात लावतो, आणि लावायलाच हवा. पण याच माणसानं त्या मुलीला संस्कृत शिकवलं. बाईला शिकवतो म्हणून लोक नावं ठेवायला लागले, तेव्हा तिला घेऊन ते सह्याद्रीच्या जंगलात, गंगामूळला जाऊन राहिले. हे ठिकाण आता कर्नाटकात आहे. पहिल्या रात्री डोक्यावर छप्परसुद्धा नव्हतं. पलीकडे वाघ डरकाळ्या फोडत होता. पोरगी पासोडी अंगाभोवती गुंडाळून भीतीनं पडून राहिली, नवरा रात्रभर जागा.

तिथंच 23 एप्रिल 1858 ला रमाचा जन्म झाला. विद्यार्थी आणि यात्रेकरू यांना जेवू घालता घालता वडील कर्जात बुडाले होते. रमा सहा महिन्यांची असताना घर सुटलं. वेताच्या मोठ्या पेटीत घालून तिला डोंगर उतरवलं. तिथून पुढं घर असं नाहीच. एका तीर्थावरून दुसऱ्या तीर्थावर. देवळात बसून पुराण सांगायचं, ऐकणारे पैसा, धान्य, फळं ठेवतील त्यावर भागवायचं. आई उजाडायच्या आधी लेकीला उठवायची आणि संस्कृत श्लोक पाठ करून घ्यायची. शाळा नाही, पाटी नाही. मोठेपणी रमाबाईंना हजारो श्लोक तोंडपाठ होते ते या पहाटेच्या शिकवणीमुळं.

मद्रास इलाख्यात 1876-77 ला मोठा दुष्काळ पडला. आपल्या सोलापूर भागालाही त्याचा फार मोठा तडाखा बसला. पण तिकडं झळ आधी दोन-तीन वर्षांपासूनच लागली होती. या कुटुंबानं पैसे दानधर्मात घातले, मग दागिने विकले, मग तांब्या-पितळेची भांडी. शेवटी पाणी, झाडपाला आणि मूठभर रानखजूर यांवर अकरा दिवस काढले. मजुरी का केली नाही? तर ती आपल्या जातीला शोभत नाही, हे डोक्यात पक्कं होतं, आणि हाताला कष्टाची सवयही नव्हती. रमाबाईंनी पुढं हे स्वतःच लिहून ठेवलंय, आडपडदा न ठेवता. अखेर भाऊ श्रीनिवास म्हणाला, मी मजुरी करतो. पण उशीर झाला होता. वडील गेले. काही महिन्यांत आई गेली. तिरडी उचलायला माणसं मिळेनात. दोघं कशीबशी तयार झाली, तिसरा भाऊ, चौथी रमा. ती उंचीनं लहान, खांदा पुरेना, म्हणून तिनं आपलं टोक डोक्यावर घेतलं. थोड्याच दिवसांत बहीणही पटकीनं गेली.

राहिले भाऊ-बहीण. ते पार पंजाब-काश्मीरकडं गेले. झेलम नदीच्या काठी थंडीत पांघरूण नव्हतं. वाळूत दोन खड्डे खणले, आत झोपले, वर कोरडी वाळू ओढून घेतली, फक्त डोकं उघडं. हिमालयातल्या एका तळ्यावर तरंगते डोंगर असल्याचं ऐकून तेही बघायला गेले. पापी माणसाकडं ते डोंगर येत नाहीत म्हणे, आणि पाण्यात उतरायचं नाही, मगरी आहेत! श्रीनिवास एका पहाटे गुपचूप पोहत गेला. मगर काही दिसली नाही. तराफ्यावर माती-दगड रचून झाडं लावलेली, मागं होडी, ती ढकलायला पुजारी.

असे चार हजार मैलांच्या आसपास चालून 1878 ला ते कलकत्त्याला पोचले. तिथल्या पंडितांनी वीस वर्षांच्या रमेची परीक्षा घेऊन तिला 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हटलं. पुढं लग्न, दोन वर्षांत वैधव्य, कडेवर मुलगी, इंग्लंड, अमेरिका. 1883 ला त्या ख्रिस्ती झाल्या, त्यावरून महाराष्ट्रानं त्यांना खूप सुनावलं.

1896-97 ला पुन्हा दुष्काळ पडला, तेव्हा त्या स्वतः मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी मुली-बायकांना घेऊन आल्या. त्यांना ठेवलं केडगावला, मुक्ती सदनात. तिथं नुसतं अन्न आणि अक्षर नव्हतं. शेती, विणकाम, तेलाचा घाणा, छापखान्यात खिळे जुळवणं, हे सगळं मुली करायच्या. जात कुठलीही असो, हाताला काम आलंच पाहिजे.

मोहोळहून पुण्याला रेल्वेनं निघालं की दौंडच्या पुढं केडगाव लागतं. संस्था अजून चालू आहे. आमच्या गटाच्या सहलीचं अजून ठरलेलं नाही, पण समुद्राच्या आधी तिथं उतरायचं, असं मावशींनी परवा परस्पर जाहीर करून टाकलंय.