रान्फ्टच्या घळींतील संत

एकांतवासी साधु म्हटला कीं तो घरदारापासून कोसच्या कोस दूर गेलेला असावयाचा, अशी आपली कल्पना असते. स्वित्झर्लंडचा संत निकोलस फॉन फ्ल्यूए, तेथील लोकांचा ‘बंधु क्लाउस’, हा मात्र स्वतःच्या घरापासून पायीं कांहीं मिनिटांच्या अंतरावर राहिला. त्याच्या चरित्रांत मला हीच गोष्ट सर्वांत विलक्षण वाटते.

१४१७ सालीं ओब्वाल्डन प्रांतांत एका सुखवस्तु शेतकरी घराण्यांत तो जन्मला. त्यानें शेती केली, लढाईंत हत्यार धरलें, न्यायदानाचेंहि काम केलें. दोरोथेआ व्हिस ही त्याची पत्नी, मुलें दहा. १६ ऑक्टोबर १४६७ रोजीं हा कर्ता पुरुष घराबाहेर पडला, तेव्हां धाकटें मूल तान्हें होतें. पत्नीची संमति त्यानें घेतली होती, असें चरित्रकार आवर्जून सांगतात. ती देतांना त्या माउलीच्या जिवाची काय अवस्था झाली असेल, तें ज्याचें त्यानें ओळखावें.

परमुलखांत यात्रेकरू म्हणून फिरावें, हा त्याचा बेत. परंतु लीस्टालच्या आसपासून तो परतला आणि घराखालच्या रान्फ्ट नांवाच्या घळींत राहिला. गांवकऱ्यांनीं तेथें त्याला एक कुटी व लहानसें प्रार्थनामंदिर बांधून दिलें. पुढें जवळजवळ वीस वर्षें तो अन्नावांचून राहिला, अशी लोकांची श्रद्धा आहे. श्रद्धेचा हा प्रांत इतिहासकारानें दुरूनच पाहावा.

बर्गंडीच्या युद्धांतील विजयानंतर स्विस संघांत शहरें व ग्रामीण प्रांत ह्यांचें वितुष्ट आलें. फ्रायबुर्ग व सोलोथुर्न ह्या शहरांस संघांत घ्यावें कीं नाहीं, ह्यावरून डिसेंबर १४८१ मध्यें श्टान्स येथील सभा मोडण्याच्या बेतांत आली. तेव्हां हाइमो आम ग्रुंड हा धर्मोपदेशक रातोरात रान्फ्टला गेला व क्लाउसचा निरोप घेऊन परतला. २२ डिसेंबरला करार झाला, आणि दोन्ही शहरें संघांत आलीं. निरोपाचे शब्द मात्र कोठेंहि नमूद नाहींत!

२१ मार्च १४८७ रोजीं तो निवर्तला; झाक्सेल्न येथें त्याची समाधि आहे. पुढें धर्मसुधारणेनें देश दुभंगला, तरी प्रॉटेस्टंटांनींहि त्याला आपला मानलें. परक्या राजांच्या पगारी लष्करांविरुद्ध बोलतांना त्स्विंग्ली त्याचाच दाखला देई. रोमनें संतपद दिलें तें मात्र १५ मे १९४७ रोजीं, म्हणजे ४६० वर्षांनीं.

दोरोथेआला तें पद मिळालेलें नाहीं. परंतु फ्ल्युएलीला तिचें घर अद्याप उभें आहे, आणि रान्फ्टला उतरणारे यात्रेकरू वाटेंत तेंहि पाहतात.