चाळिशी आणि चष्मेवाला

लोणारचें सरोवर म्हटलें म्हणजे उल्केच्या आघातानें झालेलें विवर डोळ्यांपुढें येतें, आणि तें योग्यच आहे. बुलढाणा जिल्ह्यांतील हें सुमारें १.८ किलोमीटर व्यासाचें विवर काळ्या फत्तरांत पडलेलें आहे. परंतु या स्थळाचा काचेशींहि फार जुना संबंध आहे. सोळाव्या शतकाच्या अखेरीस अबुल फजल यानें ‘ऐन-इ-अकबरी’ लिहिली. तींत वऱ्हाड सुभ्याचें वर्णन करितांना लोणारच्या परिसरांत काच व साबण करण्याचे सर्व जिन्नस मिळतात, असें त्यानें नमूद केलें आहे. यांतील मुख्य जिन्नस सरोवराचा खार. उन्हाळ्यांत पाणी आटलें म्हणजे तो कांठाशीं सांचे. दल्ला, खुप्पल, पापडी, भुस्की अशीं त्याच्या प्रतींचीं नांवें होतीं. नुसती वाळू वितळविण्यास १७०० अंशांच्या आसपास उष्णता लागते. तींत सोडा मिसळला म्हणजे ती पुष्कळ कमी आंचेवर पाघळते. काचेच्या कारागिराला असा खार म्हणूनच मोलाचा.

मात्र बांगडीच्या काचेंत बुडबुडा राहिला तरी तिचें कांहीं बिघडत नाहीं. भिंगांत तो चालत नाहीं. हा फरक इटलींतील कारागिरांनीं लवकर ओळखला. चष्मा तेथें १२८६ च्या सुमारास निघाला. १३०६ मध्यें फ्लॉरेन्स येथें जोर्दानो नांवाच्या धर्मोपदेशकानें आपल्या प्रवचनांत सांगितलें कीं, ही कला निघून अजून वीस वर्षेंहि झालीं नाहींत. वेनिसमध्यें १३०० च्या सुमारास स्फटिक-कारागिरांच्या संघानें नियम केला कीं साधी काच स्फटिक म्हणून विकूं नये. ज्या मालाचा खरेपणा गिऱ्हाइकाला पारखतां येत नाहीं, त्या मालाच्या धंद्यांत फसवणुकीचा बंदोबस्त असा अगदीं आरंभींच करावा लागला.

हिंदुस्थानांत चष्मा केव्हां आला, याचा शोध पुण्याच्या भांडारकर संस्थेचे क्युरेटर परशुराम कृष्ण गोडे यांनीं घेतला. विजयनगरचे व्यासराय यांच्या चरित्रग्रंथांतील उल्लेखावरून १५२० च्या सुमारास ते चष्मा लावून पोथी वाचीत असावेत, असें त्यांनीं दाखविलें. ‘चष्मा’ हा शब्द फारशी. ‘चश्म’ म्हणजे डोळा. मराठीनें मात्र स्वतःचा ‘चाळिशी’ हा शब्द घडविला, आणि तो मोठा मार्मिक आहे. वयाच्या चाळिशीच्या सुमारास डोळ्यांतील नैसर्गिक भिंग ताठर होतें व जवळचें अक्षर धूसर दिसूं लागतें. वय हेंच दुखण्याचें नांव, आणि तेंच उपायाचेंहि!

या शब्दांतच जुन्या विक्रेत्याची सारी विद्या होती. वय विचारावें, त्या बेताचा चष्मा पुढें करावा. न जमल्यास दुसरा. आठवडी बाजारांतील तयार चष्म्यांत दोन्ही भिंगें एकाच नंबराचीं असतात. पण माणसाचे दोन्ही डोळे सारखे असतीलच असें नाहीं. शास्त्रानें यावर मात केली ती एकोणिसाव्या शतकांत. ज्योतिषी एअरी यानें १८२५ मध्यें स्वतःच्या डोळ्याचा तिरपा दोष गणितानें शोधला; पण त्यासाठीं लागणारें भिंग घासून दिलें तें इप्सविच गांवच्या फुलर नांवाच्या चष्मेवाल्यानें. एअरीचें नांव ग्रंथांत आलें, फुलरचें तळटीपेंत राहिलें. पुढें १८६२ मध्यें स्नेलेनचा अक्षरांचा तक्ता आला, १८६४ मध्यें डोंडर्सचा ग्रंथ आला, आणि १८७२ मध्यें मोनोयेनें डायॉप्टर हें माप सुचविलें. तेव्हांपासून ‘नंबर’ कागदावर लिहितां येऊं लागला.

कागदावर नंबर आला म्हणजे काम संपलें, असा समज सर्रास आढळतो. वस्तुतः चष्मेवाल्याचें काम तेथून सुरू होतें. दोन बाहुल्यांमधील अंतर मोजावयाचें, नाकाच्या ठेवणीप्रमाणें फ्रेम निवडावयाची, भिंगाचा मध्य बाहुलीसमोर आणून मग कडा घासावयाच्या, तिरप्या दोषाचा अक्ष नेमक्या अंशावर बसवावयाचा, काड्या कानामागें वांकवावयाच्या. दहा डायॉप्टरचें भिंग तीन मिलिमीटर बाजूला बसलें, तर एक मीटरवरील वस्तु तीन सेंटिमीटर सरकलेली भासते. लेन्सोमीटर नसतांना जाणता कारागीर भिंग हातांत धरून फुलीच्या रेघांपुढें हलवी. रेघा भिंगाच्या उलट सरकल्या तर भिंग अधिक नंबराचें, बरोबर सरकल्या तर उण्या नंबराचें. मग उलट नंबराचीं भिंगें लावीत जावें. हालचाल थांबली कीं नंबर सांपडला. म्हातारीं माणसें वाचतांना चष्मा नाकाच्या शेंड्यावर ओढतात, ती नुसती लकब नव्हे. अधिक नंबराचें भिंग डोळ्यापासून दूर गेलें कीं त्याचा जोर वाढतो.

बुलढाण्यासारख्या जिल्ह्यांत या कामाची गरज काय होती, हें पाहावयास हवें. १८७० मध्यें लॉर्ड मेयो याच्या हस्तें खामगांवची रेल्वे-शाखा उघडली व तेथील कापसाच्या बाजाराला वेग आला. कापसाचा धागा चिमटींत ताणून त्याची लांबी पाहणारा पारखी आणि दिव्याखालीं वही लिहिणारा मुनीम, दोघांचीहि भाकरी डोळ्यांवर अवलंबून. १९३९ मध्यें दासगणूंनीं शेगांवच्या गजानन महाराजांवर एकवीस अध्यायांचा ग्रंथ रचला. तो नित्य वाचणाऱ्या वृद्धांनाहि चाळिशी हवीच.

सर्वांत कठीण प्रसंग मोतीबिंदूचा. शस्त्रक्रियेनें डोळ्यांतील भिंग काढून टाकलें म्हणजे सुमारें दहा डायॉप्टरचा जाड चष्मा द्यावा लागे. त्यांतून वस्तु जवळजवळ पाव हिश्शानें मोठी दिसे, कडेचें दिसेनासें होई, आणि पायरीवर पाय चुके. असा चष्मा थोडा तिरपा बसला कीं म्हातारा तो पेटींत ठेवून देई. उत्तम शस्त्रक्रिया फुकट जाई. हॅरोल्ड रिडले यानें २९ नोव्हेंबर १९४९ रोजीं लंडनमध्यें डोळ्यांतच कृत्रिम भिंग बसविलें. परंतु ती सोय खेड्यापाड्यांत पोंचावयास अनेक दशकें गेलीं. दरम्यान सारा भार जाड चष्म्यावर आणि तो बसविणाऱ्या हातांवर होता.

इंग्लंडांत चष्मेवाल्यांच्या संघाला १६२९ मध्यें राजाची सनद मिळाली आणि १९५८ च्या कायद्यानें त्यांची नोंदणी सुरू झाली. भारतांत १९७६ मध्यें अंधत्व-नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम निघाला. त्याखालीं शाळकरी मुलांचे डोळे तपासून मोफत चष्मे देण्यांत येऊं लागले. नेत्रपरीक्षकांचा व्यवसाय मात्र २०२१ च्या कायद्यानें राष्ट्रीय आयोगाच्या कक्षेंत घेतला गेला. डॉक्टरच्या चिठ्ठीप्रमाणें भिंग घासून तें नाकावर नीट बसविणारा कारागीर पिढ्यान्‌पिढ्या उस्तादाच्या दुकानांतच शिकला. त्याच्या हातीं प्रमाणपत्र नसे, आणि त्याची परीक्षा गिऱ्हाईक चष्मा लावून जिना उतरूं लागे तेव्हां होई.